तुतनखामेन की तुतांखामून? प्राचीन इजिप्तमधल्या नावांचे उच्चार कसे ठरवतात

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ते इजिप्तच्या फेरोंवर मराठीत एक श्राव्य मालिका तयार करत आहेत. एका पुस्तकात त्यांना ‘तुतनखामेन’ सापडले, दुसऱ्यात ‘तुतांखामून’ आणि एका माहितीपटात ‘टूटनकामन’. यांतले बरोबर कोणते? आणि मुळात तीन हजार वर्षांपूर्वी ही माणसे स्वतःची नावे कशी घेत होती हे कोणाला कळणे शक्य आहे का, की विद्वानांचा हा सगळा अंदाजपंचे कारभार आहे?

मी प्राचीन इजिप्शियन आणि कॉप्टिक या भाषा शिकवते आणि शब्दांचे हरवलेले स्वर शोधणे हाच माझ्या कामाचा मोठा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अंदाजपंचे कारभार तो नक्कीच नाही. मात्र ‘बरोबर उच्चार कोणता’ याला एकच उत्तर देता येत नाही, कारण त्यात तीन निराळे प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. आजचे अभ्यासक आपापसांत बोलताना ते नाव कसे वाचतात, हा पहिला. ग्रीकांनी ते कसे ऐकले आणि त्यांच्यामार्फत युरोपात ते कोणत्या रूपात पोचले, हा दुसरा. आणि त्या राजाच्या हयातीत, त्याच्या दरबारात ते कसे उच्चारले जात होते, हा तिसरा. पुस्तकांत दिसणारी बहुतेक रूपे पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून आलेली आहेत. तुमची उत्सुकता मात्र तिसऱ्याबद्दल आहे.

अडचणीचे मूळ लिपीत आहे. इजिप्तच्या चित्रलिपीत व्यंजने लिहीत, स्वर लिहीत नसत. आपल्याकडे कोणी नुसते क-म-ल एवढेच लिहिले, तर ते कमल, कोमल, कमाल की कामिल हे मराठी माणूस संदर्भावरून ओळखेल. पण मराठी बोलणारे कोणी उरलेच नसेल, तर वाचणाऱ्याच्या हाती ती तीन व्यंजने तेवढी राहतील. ‘सुंदर, चांगला’ या अर्थाचा न-फ-र हा शब्द शिलालेखांत असंख्य वेळा येतो, पण त्यातला एकही स्वर कोठे लिहिलेला नाही. यावर अभ्यासकांनी एक कामचलाऊ सोय करून ठेवली आहे. दोन व्यंजनांच्या मध्ये ‘ए’ घालायचा, घशातल्या दोन खास ध्वनींना ‘आ’ म्हणायचे, ‘व’ जरूर पडेल तेथे ‘ऊ’ आणि ‘य’ जरूर पडेल तेथे ‘ई’ वाचायचा. न-फ-र चे ‘नेफेर’ झाले ते असे, आणि ‘तुतनखामेन’मधले ‘आमेन’ही त्याच सोयीचे अपत्य आहे. वर्गात एकमेकांना समजावे एवढ्यापुरती ही पद्धत उत्तम आहे. पण या उच्चाराने हाक मारली असती, तर नेफेरतितीने ओ दिली असती असे मला वाटत नाही.

हरवलेले स्वर शोधायचे पहिले आणि सर्वांत मोठे साधन म्हणजे कॉप्टिक. ही वेगळी भाषा नव्हे; ती प्राचीन इजिप्शियनचीच शेवटची अवस्था आहे. ख्रिस्ती झालेल्या इजिप्शियन लोकांनी ती ग्रीक अक्षरांत लिहिली आणि ग्रीकमध्ये नसलेल्या ध्वनींसाठी आपल्या जुन्या डेमोटिक लिपीतली काही चिन्हे त्यात भर घातली. ग्रीक अक्षरांत स्वर लिहिले जातात, त्यामुळे इजिप्शियन शब्द येथे पहिल्यांदाच पद्धतशीरपणे स्वरांसकट दिसतात. बोलभाषा म्हणून ती कधीच मागे पडली, पण कॉप्टिक चर्चच्या प्रार्थनांत आजही टिकून आहे. चित्रलिपीचे कोडे उलगडणाऱ्या शांपोलियोंला 1822 मध्ये रामसेसचे नाव वाचता आले ते कॉप्टिक येत असल्यामुळेच: सूर्याच्या चकतीला कॉप्टिकमध्ये ‘रे’ म्हणतात आणि जन्म देण्याला ‘मिसे’, हे त्याला आधीपासून ठाऊक होते.

कॉप्टिकची मर्यादाही तितकीच मोठी आहे. तुतांखामून इ.स.पू. चौदाव्या शतकातला, कॉप्टिक ग्रंथ साधारण इ.स. तिसऱ्या शतकापासूनचे. मधली सोळा शतके भाषा बदलत राहिली. पणतवंडाचा आवाज ऐकून पणजोबाच्या बोलण्याबद्दल काही सांगायचे, तर मधल्या पिढ्यांचे साक्षीदार हवेत. ते साक्षीदार परके लोक आहेत. ज्यांच्या लिपीत स्वर लिहिले जात, अशा शेजाऱ्यांनी इजिप्शियन नावे कानाने ऐकून स्वतःच्या लिपीत उतरवली, आणि सुदैवाने त्यांतली बरीच टिकली. सर्वांत मौल्यवान आहेत त्या कीलाक्षर, म्हणजे क्यूनिफॉर्म लिपीतल्या मातीच्या पाट्या. 1887 मध्ये इजिप्तमधल्या अमार्ना येथे अशा पाट्यांचे घबाड सापडले. बॅबिलोन, मितानी, कनान येथल्या राजांचा फेरोशी झालेला पत्रव्यवहार त्यांत मेसोपोटेमियाच्या अक्कादियन भाषेत आहे. पत्राच्या सुरुवातीला ज्याला पत्र लिहायचे त्याचे नाव घालावेच लागते, आणि आमच्या कामाला नेमके तेच हवे असते.

मात्र परक्याने लिहिलेले नाव जसेच्या तसे खरे मानून चालत नाही. त्याच्या लिपीला जे ध्वनी माहीत नाहीत, तेथे तो जवळचा काहीतरी वापरणार. कीलाक्षर लिपीत ‘फ’ नाही, म्हणून इजिप्शियन ‘फ’ तेथे ‘प’ होतो. साधा ‘ह’ नाही, म्हणून ‘ह’च्या जागी उर्दूतल्या ‘खबर’मध्ये येतो तसा घासणारा ‘ख’ लिहिला जातो. ‘ओ’ आणि ‘उ’ यांत ती लिपी फरक करत नाही. आजच्या तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या हित्ती राजाच्या लेखनिकांनी रामसेस दुसरा याचे नाव ‘रियामशेशा माइ अमाना’ असे लिहिले, म्हणून त्याला कोणी ‘रामशेश’ म्हणू नये. त्या लेखनपरंपरेत ‘स’साठी ‘श’चीच चिन्हे वापरत. साक्षीदाराची सवय कळली, की त्याची साक्ष किती आणि कोठे धरायची ते ठरवता येते. प्रत्येक पुराव्याआधी मी हाच प्रश्न विचारते: लिहिणाऱ्याला हा ध्वनी लिहिता तरी आला असता का?

आता एक नाव जवळून पाहू. अमेनहोटेप तिसरा याचे राज्याभिषेकाचे नाव व्यंजनांत न-ब, म-अ-अ-त, र-अ असे आहे. अर्थ साधारण ‘सत्याचा स्वामी रा’. पुस्तकांत ते ‘नेबमात्रे’ किंवा ‘नेबमाअतरे’ असे दिसते. कार्तूशमध्ये, म्हणजे राजाच्या नावाभोवतीच्या लंबगोलात, पहिले चित्र सूर्याचे आहे, कारण देवाचे नाव मान म्हणून आधी लिहायचा प्रघात होता. केवळ चित्रांचा क्रम पाहिला तर ‘रा’ हा शब्द नावाच्या सुरुवातीला वाटेल. अमार्नाच्या पाट्यांत हेच नाव पूर्ण रूपात ‘निबमुआरेया’ आणि मितानीच्या राजाच्या पत्रांत ‘निम्मुरेया’ असे येते. या दोन रूपांतून किती गोष्टी एकदम कळतात पाहा. ‘रेया’ शेवटी आहे, म्हणजे बोलताना ‘रा’ शेवटी येत होता. ‘स्वामी’ या शब्दात ‘इ’सारखा स्वर होता. ‘ब’ पुढच्या ‘म’मध्ये विरून जात होता, भरभर बोलताना आपल्याकडेही असे होतेच. ‘सत्य’ या अर्थाच्या ‘मात’च्या शेवटचा ‘त’ चित्रलिपीत इमानेइतबारे लिहिला जात असला, तरी बोलण्यातून तो केव्हाच गेला होता. आणि सर्वांत अनपेक्षित भाग म्हणजे ज्याला आपण ‘मात’ म्हणतो, त्यात ‘उ’ होता. याच शब्दाचे कॉप्टिक रूप ‘मे’ आहे आणि ‘रा’चे ‘रे’. ‘मात’मधला ‘आ’ केवळ आपल्या वर्गातल्या सोयीतून आलेला आहे. त्या काळी तो कोणाच्या तोंडी असल्याचा पुरावा नाही.

येथे कोणीही विचारेल, की ‘मुआ’चे ‘मे’ झाले हा योगायोग कशावरून नाही? एकट्या नावावरून कोणी नियम काढू नये, हे खरेच. पण अमार्नालाच एक छोटी पाटी सापडली, तिच्यात इजिप्शियन शब्द कीलाक्षरांत लिहून शेजारी त्यांचे अक्कादियन अर्थ दिलेले आहेत. कोणीतरी परकी भाषा शिकत असावे. तिच्यात अंक आहेत. आठाला ‘खमन’ लिहिले आहे, दहाला ‘मुटु’. कॉप्टिकमध्ये आठ म्हणजे ‘श्मून’ आणि दहा म्हणजे ‘मेत’. ‘मुटु’चे ‘मेत’ झाले, तसेच ‘मुआ’चे ‘मे’ झाले: आघात असलेला जुना ‘उ’ पुढे ‘ए’ होतो. आणि ‘खमन’चे ‘श्मून’ होताना आघातातला ‘आ’ बदलून ‘ऊ’ झाला. हा दुसरा नियम थोडा नेमका सांगायचा तर असा आहे, की आघातातला दीर्घ ‘आ’ पुढे ‘ओ’ होतो, पण त्याआधी ‘म’ किंवा ‘न’ असेल तर ‘ऊ’ होतो. अंक हे फार भरवशाचे शब्द असतात. त्यांचा अर्थ बदलत नाही, आणि कोणी ते मान म्हणून उलट्या क्रमाने लिहीत नाही.

हा नियम हाती आला की आमून देवाचे नाव सुटते. रामसेसच्या काळचे कीलाक्षरांतले रूप ‘अमाना’, कॉप्टिक रूप ‘अमून’. ‘म’नंतरच्या ‘आ’चा ‘ऊ’ झाला आहे, नियमाप्रमाणे. मग हा बदल केव्हा झाला? त्यासाठी मला सर्वांत आवडणारा पुरावा म्हणजे असिरियाचा राजा अशुरबनिपाल याच्या लेखातली एक यादी. इ.स.पू. सातव्या शतकात असिरियाने इजिप्त जिंकले, तेव्हाचे तेथले वीस स्थानिक राजे आणि त्यांची शहरे या यादीत ओळीने नोंदलेली आहेत. राजकीय इतिहासकार ती कोण कोणाचा मांडलिक हे पाहायला वाचतात. आम्ही ती स्वरांसाठी वाचतो. तिच्यात एका राजाचे नाव ‘उनामुनु’ आहे, म्हणजे वेनामून. आमूनमधला ‘आ’ तोवर ‘ऊ’ झालेला होता. एका राजाचे शहर ‘खिमुनि’ आहे, म्हणजे आठ देवांचे शहर, ग्रीकांचे हर्मोपोलिस. चौदाव्या शतकातले ‘खमन’ येथे ‘खिमुनि’ झाले आहे, कॉप्टिकमध्ये ‘श्मून’ होणार आहे आणि आजच्या इजिप्तमध्ये त्या गावाला ‘अल-अश्मुनैन’ म्हणतात. स्वर बदलला, पण सुरुवातीच्या ‘ख’चा ‘श’ असिरियन लेखनिकाच्या कानावर अजून पडलेला नाही. बदल एकाच वेळी होत नाहीत, आणि म्हणूनच ‘प्राचीन इजिप्शियन उच्चार’ असे मोघम बोलण्याला अर्थ नसतो. उच्चार कोणत्या शतकातला, हे आधी सांगावे लागते.

याच यादीत आघाताचेही कोडे उलगडते. होरस देवाचे मूळ नाव ह-र, कॉप्टिकमध्ये ‘होर’. यादीत एक राजा ‘पिशनखुरु’ आहे आणि दुसरा ‘खरसियएशु’. दोघांच्याही नावात तोच देव आहे. पण पहिल्यात ‘खुरु’ आणि दुसऱ्यात ‘खर’. लेखनिकाचा हा गोंधळ नाही. इजिप्शियनमध्ये जोडनावाचा मुख्य आघात शेवटच्या घटकावर पडतो आणि आधीचे घटक आखडतात. पिशनखुरुमध्ये होर शेवटी आहे, म्हणून त्याला पूर्ण स्वर मिळाला आणि तो बदलाच्या नियमातून गेला. खरसियएशु म्हणजे ‘इसिसचा पुत्र होरस’. त्यात होर सुरुवातीला, बिनआघाताचा, म्हणून त्याचा स्वर आखूड राहिला आणि बदलला नाही. शेवटचे ‘एशु’ म्हणजे इसिस, कॉप्टिकमध्ये ‘एसे’. ग्रीकांनीही हेच नाव ‘हार्सिएसिस’ असे लिहिले आहे. असिरियाचा कारकून, ग्रीक लेखक आणि कॉप्टिक भिक्षू यांचा एकमेकांशी काही संबंध नसताना तिघे एकच गोष्ट सांगत असतील, तर मी ती निश्चिंतपणे लिहिते.

ग्रीक पुरावा विपुल आहे, पण तो उशिराचा आहे आणि प्रत्येक नावाला ग्रीक शेपूट लावण्याची त्यांना सवय होती. गिझाच्या महापिरॅमिडचा राजा खुफू. हेरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकात त्याला ‘केओप्स’ म्हटले. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला मानेथो, जो स्वतः इजिप्शियन पुरोहित होता पण ग्रीकमध्ये लिहीत असे, त्याला ‘सूफिस’ म्हणतो. ही दोन वेगळी नावे नाहीत. ‘खमन’चे ‘श्मून’ झाले, तोच ‘ख’चा ‘श’ येथेही झाला आहे, आणि ग्रीक लिपीत ‘श’ नसल्यामुळे मानेथोने ‘स’ लिहिला. पण खुफू या दोघांच्याही दोन हजारांहून अधिक वर्षे आधीचा. त्यामुळे ही रूपे खुफूच्या नावाचा उत्तरकालीन उच्चार सांगतात. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या तोंडचा नव्हे. हेरोडोटसचा मला जास्त उपयोग होतो तो एका साध्या वाक्यासाठी: इजिप्शियन लोक झ्यूसला ‘आमून’ म्हणतात, असे तो सांगतो. म्हणजे पाचव्या शतकातही ‘ऊ’च.

व्यंजने तरी लिहिलेली आहेत ना, मग ती पक्की, असे समजू नका. गिधाडाचे जे चिन्ह आपण आज ‘आ’ म्हणून वाचतो, त्याचीच गोष्ट घ्या. मध्य राज्याच्या काळात, म्हणजे तुतांखामूनच्या कित्येक शतके आधी, शत्रूंची नावे मातीच्या भांड्यांवर किंवा मूर्तींवर लिहून ती शाप म्हणून फोडत. त्यांत कनानमधल्या अश्कलोन शहराचे नाव आहे, आणि त्यातल्या ‘ल’च्या जागी लिहिले आहे गिधाड. त्या काळी ते चिन्ह ‘र’ किंवा ‘ल’च्या जवळचा ध्वनी दाखवत असले पाहिजे. पुढे इ.स.पू. तेराव्या शतकाच्या अखेरीस फेरो मर्नेप्टाहच्या विजयलेखात याच शहराच्या नावात ‘ल’साठी ‘र’चे चिन्ह आले, गिधाडाचा जुना ध्वनी तोवर लोपला होता. येथे साक्ष उलट्या दिशेने मिळते: परके नाव इजिप्शियनांनी कसे लिहिले, यावरून त्यांच्याच चिन्हाचे मूल्य कळते.

एवढ्याशा स्वराने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना मी हित्ती राजांच्या इतिवृत्तातला एक प्रसंग सांगते. फेरो मरण पावला, तेव्हा त्याच्या विधवेने हित्ती राजा सुप्पिलुलिउमा याला पत्र पाठवले, की मला मुलगा नाही, तुमचा एक मुलगा पाठवा, मी त्याला नवरा करून घेईन. राजाने आपला मुलगा झन्नान्झा पाठवला आणि तो मारला गेला. राणीचे नाव तेथे ‘दखमुन्झु’ असे आहे. ते नाव नव्हेच, ‘राजाची पत्नी’ या इजिप्शियन पदवीचे ते कानावर पडलेले रूप आहे. मग मेलेला फेरो कोण? हित्तींनी त्याला ‘निबखुरुरिया’ म्हटले आहे. तुतांखामूनचे राज्याभिषेकाचे नाव न-ब ने सुरू होते आणि अखेनातेनचे न-फ-र ने; पुढचा भाग दोघांचा तोच. कीलाक्षर लिपीत शब्दांशाच्या शेवटी आलेल्या ‘ब’ आणि ‘प’ला एकच चिन्ह असते आणि ‘फ’ला चिन्हच नसते. म्हणजे व्यंजनावरून निर्णय होत नाही. सगळी भिस्त ‘नि’ की ‘न’ या एका स्वरावर. अमार्नाच्या पत्रांत अखेनातेनचे नाव ‘नपखुरुरेया’ असे ‘अ’ने येते, आणि त्याच्या बापाच्या, म्हणजे अमेनहोटेप तिसरा याच्या, नावातला न-ब हा शब्द ‘निब’ असा ‘इ’ने. कॉप्टिकही याला दुजोरा देते. कालगणनेच्या कारणांसाठी काही अभ्यासक तरीही अखेनातेनकडे झुकतात, पण स्वरांचा पुरावा पाहता मेलेला फेरो तुतांखामूनच होता, असे माझे मत आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुतांखामून हे नाव तीन घटकांचे आहे: त-व-त म्हणजे मूर्ती किंवा प्रतिमा, अ-न-ख म्हणजे जिवंत, आणि देवाचे नाव. आघात शेवटच्या घटकावर, आणि तो घटक आपण वर सोडवला आहेच: त्या राजाच्या काळात ‘-अमाना’, निदान ‘-अमान’. म्हणजे ‘आमेन’ ही वर्गातली सोय, ‘आमून’ हा त्याच्यानंतर काही शतकांनी रूढ झालेला उच्चार, आणि त्याच्या कानावर पडत असणार ते ‘आ’चे रूप, जे कोणत्याही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाही. मधल्या घटकात ‘अ’ असावा, त्याची सुरुवात अरबीतल्या ‘ऐन’ या घशाच्या ध्वनीने होती आणि शेवट घासणाऱ्या ‘ख’ने. पहिल्या घटकाचे स्वतंत्र कॉप्टिक रूप ‘तुओत’ असले, तरी येथे तो बिनआघाताचा, आखडलेला आहे. त्यातला स्वर कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला पुरावा विचारा. इंटरनेटवर ‘अस्सल प्राचीन उच्चार’ म्हणून पूर्ण नाव खणखणीत ऐकवणाऱ्या ज्या चित्रफिती फिरतात, त्यांत नावाचा खात्रीचा भाग आणि भरून काढलेला भाग एकाच आवाजात म्हटला जातो, हीच माझी त्यांच्याबद्दलची तक्रार आहे.

असाच फरक इतर नावांतही पडतो. अमेनहोटेप बऱ्यापैकी पक्के आहे: अमार्नाच्या पत्रांत या नावाचा एक माणूस ‘अमनखत्पि’ असा लिहिलेला आहे, म्हणजे ‘होटेप’ त्या काळी ‘हत्प’च्या जवळचे. ऱ्हस्व ‘अ’चा कॉप्टिकच्या प्रमुख बोलीत ‘ओ’ झाला, आणि अमेनहोटेपच्या उत्सवावरून पडलेले ‘परमहोत्प’ हे महिन्याचे नाव आजही कॉप्टिक पंचांगात ‘बरमहात’ म्हणून चालू आहे. पुस्तकातल्या ‘होटेप’मधला ‘ओ’ कॉप्टिकमधून घेतलेला आणि ‘ए’ वर्गातल्या सोयीचा. अशी धेडगुजरी रूपे पुष्कळ आहेत. रामसेसची राणी नेफरतारी हिने हित्ती राणीला पाठवलेल्या पत्रात स्वतःचे नाव ‘नप्तेरा’ असे आले आहे. ‘प’ म्हणजे ‘फ’ हे आता तुम्ही ओळखालच, तेव्हा ‘नफ्तेरा’. नेफेरतितीच्या नावाचा पहिला घटक तोच, म्हणून तोही ‘नफ्त-’ असा वाचायला आधार आहे. पुढचा भाग ‘-ईता’सारखा असावा, पण तो व्याकरणावरून काढलेला आहे, कोणी ऐकून लिहिलेला नाही.

हातशेपसूत या राणीच्या बाबतीत मी हात आखडता घेते. तिच्या नावाचा पहिला शब्द ‘अग्रभाग, पुढे असलेली’ या अर्थाचा. अशुरबनिपालच्या यादीत थेब्जचा शास्ता मोंतुएमहात ‘मंतिमेअंखे’ असा आला आहे, तेथे हाच शब्द शेवटी ‘खे’, म्हणजे ‘हे’ असा आहे, आणि कॉप्टिकमध्येही ‘हे’. पण तेथे तो आघाताचा आणि सातव्या शतकातला. हातशेपसूत पंधराव्या शतकातली आणि तिच्या नावात तो शब्द सुरुवातीला, बिनआघाताचा. दुसऱ्या घटकाचे, म्हणजे ‘थोर स्त्रिया’ या शब्दाचे, तिच्या काळात कोणी परक्याने ऐकून लिहिलेले रूप आपल्या हाती नाही. व्यंजने पक्की, आघात दुसऱ्या घटकावर, शेवटचा ‘त’ बोलण्यातून बहुधा गेलेला. याच्या पुढे मी जात नाही.

मालिकेसाठी माझा सल्ला असा, की निवेदनात रूढ रूपेच वापरा: तुतांखामून, नेफेरतिती, अमेनहोटेप, हातशेपसूत. ‘तुतनखामेन’पेक्षा ‘तुतांखामून’ मी पसंत करते, कारण त्यात ‘आंख’ हा घटक कानाला वेगळा कळतो आणि शेवटचा ‘ऊ’ निदान इजिप्शियन भाषेच्या कोणत्यातरी काळात खराच होता. ‘टूटनकामन’ हा इंग्रजी तोंडाचा उच्चार आहे, मराठीत त्याची गरज नाही. आपल्याकडे ‘ख’ आहे. ग्रीक रूपे फक्त जेथे तीच ओळखीची झाली आहेत तेथे ठेवा, जसे इसिस, ओसिरिस, थेब्ज, मेम्फिस. एकाच भागात ‘खुफू’ आणि ‘केओप्स’ दोन्ही आले, तर ऐकणाऱ्याला दोन राजे वाटतील. पात्रांच्या तोंडी जुने उच्चार घालायचा मोह झालाच, तर तो अमार्नाच्या पत्रांच्या प्रसंगात पुरवून घ्या. तेथे मितानीचा राजा ‘निम्मुरेया’ म्हणतो हे पाटीवरच लिहिलेले आहे, आणि त्यासाठी तुम्हाला माझ्यासारख्या कोणाच्या पुनर्रचनेवर विसंबावे लागणार नाही.